जुन्या लाकडातून लाकडी सांगाड्याची कार्यशाळा कशी उभारावी

पाडलेल्या इमारतींतून निघालेले खांब, तुळया आणि वासे वापरून स्वतःची कार्यशाळा उभारायची असेल, तर आराखडा काढण्याची घाई करू नये. नवे लाकूड आणताना आपण माप सांगतो आणि त्या मापाचे लाकूड कापून मिळते. जुन्या लाकडाची मापे मात्र आधीच ठरून गेलेली असतात, आणि त्यांपैकी किती माप खरोखर वापरण्याजोगे आहे हे लाकूड साफ करून तपासल्याखेरीज कळत नाही. सहा मीटरची तुळई हाती आली म्हणून इमारतीची लांबी सहा मीटर ठरवावी, पायाही घालून ठेवावा, आणि मग त्या तुळईचे एक टोक अर्ध्या मीटरपर्यंत कुजलेले निघावे, असे सर्रास घडते. म्हणून आधी लाकूड गोळा करावे, ते साफ करून त्याची प्रत लावावी, यादी करावी, आणि त्या यादीवरूनच आराखडा काढावा.

येथे विचारात घेतलेल्या बांधणीत इमारतीचे वजन भिंती पेलत नाहीत. उभे खांब, खांबांच्या डोक्यांवरून इमारतीच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या लांब तुळया, समोरासमोरच्या खांबांना रुंदीच्या दिशेने बांधून ठेवणाऱ्या आडव्या तुळया, कोपऱ्यांतले तिरपे टेकू, वरचे आढे आणि वासे, एवढ्यांचा सांगाडा सगळा भार पायापर्यंत नेतो. हे घटक खाच आणि कुसू या पद्धतीने, म्हणजे एका नगाच्या टोकाला कोरलेली जीभ (कुसू) दुसऱ्यातल्या खाचेत बसवून, एकमेकांत गुंतवलेले आणि लाकडी खुंट्यांनी जखडलेले असतात. भिंतींवर भार नसल्यामुळे त्यांच्यासाठी पातळ, आखूड, एकमेकींशी न जुळणाऱ्या फळ्याही चालतात, आणि जुन्या लाकडाच्या ढिगात अशा फळ्यांचाच भरणा अधिक असतो.

काय घेऊ नये

ढिगासमोर उभे राहिल्यावर पहिले काम नकार देण्याचे असते. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर दिसायला दणकट असतात, परंतु ते बहुधा क्रिओसोट या डांबरजन्य तेलात मुरवलेले असतात. ज्या बंद जागेत आपण दिवसचे दिवस काम करणार, तेथे त्यांना आणू नये. हिरवट झाक असलेल्या लाकडात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांची संयुगे दाबाने भरलेली असू शकतात. असे लाकूड कापू नये, रंधू नये आणि त्याचे तुकडे तर कधीही जाळू नयेत. जुना रंग चढलेल्या लाकडात शिसे आहे असे गृहीत धरूनच वागावे. रंग कोरडा घासू नये, ज्योतीने तापवू नये, तर पृष्ठभाग ओला ठेवून खरवडावा आणि निघालेली खरड गोळा करून वेगळी बांधून ठेवावी. भिंतींसाठी मालवाहतुकीच्या पॅलेटच्या फळ्या घ्यायच्या असतील, तर त्यांवरचा शिक्का पाहावा. ‘एचटी’ या अक्षरांचा अर्थ लाकूड उष्णतेने निर्जंतुक केले आहे असा होतो, आणि त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे टिकावे लागते. ‘एमबी’ असा शिक्का असेल तर ते लाकूड मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीतून गेलेले असते. ते सोडून द्यावे.

उरलेल्या लाकडाच्या तपासणीला एक टोचा आणि एक हातोडी पुरते. टोच्याचे टोक लाकडात तिरपे खुपसून, तंतूंना आडवे येईल अशा रीतीने वर उचकटावे. निरोगी लाकडाची कपची लांब निघते, तिचे एक टोक मूळ लाकडाला धरून राहते आणि ती सुटताना कडक आवाज येतो. कुज लागलेल्या लाकडाची कपची मात्र टोच्याच्या अगदी वरच, जवळजवळ आवाज न करता आखूड तुटते, आणि तुटलेली कड खडूसारखी बोथट दिसते. वरून पाहता दोन्ही तुळया सारख्याच करड्या आणि घट्ट वाटतात, त्यामुळे ही चाचणी कधीही टाळू नये. ती तुळईच्या मध्यावर करून उपयोग नाही. जी टोके भिंतीत गाडलेली होती, जो भाग गळक्या पन्हळीखाली होता, आणि जुन्या खाचांचे तळ, जेथे पाणी साचून राहते, तेथे ती करावी. त्यानंतर हातोडीने संपूर्ण लांबीभर ठोकत जावे. खणखणीत आवाज येता येता एखाद्या ठिकाणी बद्द आवाज आला, तर तेथे आतून पोकळी किंवा कुज आहे असे समजून खूण करावी.

किडीचे भोक दिसले म्हणजे लाकूड बाद झाले असे नव्हे, कारण भोक पाडून कीड कधीच निघून गेलेली असू शकते. तुळईखाली गडद रंगाचा कागद पसरावा, तुळई ठोकून कागद झटकून टाकावा आणि काही आठवडे तसाच राहू द्यावा. त्यावर पुन्हा ताजे, फिकट पीठ पडले तर कीड जिवंत आहे. बाहेरच्या पांढरट लाकडातच ती असेल तर तो थर तासून काढता येतो आणि उरलेल्या भागावर बोरेटचे द्रावण मारता येते. गाभ्यापर्यंत पोखरलेले लाकूड मात्र आवारातही ठेवू नये. लाकडातील ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे यंत्र मिळाले तर जरूर वापरावे. ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. पाडलेल्या इमारतीबाहेर एखादा पावसाळा उघड्यावर पडून राहिलेले लाकूड वरून कोरडे आणि आतून ओले असू शकते, म्हणून टोकाचा एक तुकडा कापून ताज्या छेदावर मोजणी करावी.

खिळे

या कामात सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत कमी लेखला जाणारा भाग खिळे काढण्याचा आहे. ज्या खिळ्याचे डोके दिसते तो त्रासदायक नसतो. खाली लाकडाचा तुकडा ठेवून पहारेने किंवा अंबुराने तो सरळ वर येतो. टोक बाहेर आलेले असेल तर आधी उलट बाजूने ठोकून डोके वर काढावे. त्रास देतो तो डोके तुटलेला, गंजून लाकडाच्या पृष्ठभागाखाली गेलेला खिळा. माझ्या पहिल्या तुळईवर धातुशोधक न फिरवता मी रंधा धरला आणि तिसऱ्या हाताला पात्याची कड दाताच्या फणीसारखी झाली; तेव्हापासून धातुशोधकाशिवाय मी कोणत्याही जुन्या लाकडाला पाते लावलेले नाही.

काही वेळा लाकूड स्वतःच खिळ्याची जागा सांगते. टॅनिन हे तुरट द्रव्य अधिक असलेल्या लाकडात, उदाहरणार्थ ओकमध्ये, लोखंड आणि टॅनिन यांच्या संयोगाने निळसर काळा डाग पडतो आणि तो तंतूंच्या दिशेने लांबट पसरतो. असा डाग दिसला आणि त्याच्या मध्यावर भोक नसेल, तर खिळा आत आहे असे धरून चालावे. तो काढण्यासाठी त्याच्याभोवती लहान पोकळ भोकपाडी फिरवून खिळ्यासकट लाकडाची गुल्ली काढून घ्यावी आणि त्या भोकात त्याच जातीच्या लाकडाची गुल्ली बसवावी. जेथे नवा सांधा येणार नाही अशा ठिकाणचा खोल खिळा काढण्याच्या नादात तुळई पोखरण्यापेक्षा तो तसाच राहू द्यावा, परंतु त्याभोवती रंगाने ठळक वर्तुळ काढून ठेवावे. खिळे काढण्याची जागा आणि सांधे कापण्याची जागा वेगळी असावी. वाळूचा एखादा कण लाकडाला चिकटून राहिला तरी तो पटाशीची धार घालवतो, म्हणून साफ झालेले लाकूड पुन्हा जमिनीवर ठेवू नये.

प्रत आणि यादी

साफ झालेल्या प्रत्येक नगाच्या टोकाला क्रमांक घालून वहीत त्याची लांबी, दोन्ही टोकांना आणि मध्यावर घेतलेली जाडी-रुंदी, जुन्या खाचांच्या जागा, भेगा, गाठी आणि वाक यांची नोंद करावी. वाळताना पडलेल्या, तंतूंच्या दिशेने जाणाऱ्या भेगा जुन्या लाकडात असतातच आणि त्यांचे फार मनावर घेऊ नये. तंतूंना छेदून जाणारी चीर मात्र गंभीर असते. तंतू नगाच्या कडेला समांतर न जाता तिरपे जात असतील, तर किती तिरपे हे मोजावे. लांबीच्या १२ मापांत १ मापापेक्षा अधिक सरकत असतील, तर तो नग तुळईसाठी वापरू नये, खांबासाठी ठेवावा.

तुळईची निवड करताना तिच्यावर काय बेतते हे लक्षात ठेवले की निर्णय सोपे होतात. भार आला की तुळई खाली वाकते. तिचा तळ ताणला जातो आणि माथा दाबला जातो. त्यामुळे मध्यभागी, तळाच्या बाजूला जुनी खाच असलेली तुळई तशीच बसवणे धोक्याचे आहे. तीच तुळई उलटी करून खाच माथ्यावर घेतली आणि खाचेत तंतूंची दिशा जुळवून लाकडाचा ठोकळा घट्ट ठोकला, तर तो ठोकळा दाब पुढे नेऊ शकतो. ताण मात्र तो नेऊ शकत नाही, त्यामुळे तळाच्या खाचेत कितीही नेटका ठोकळा बसवला आणि डिंकाने चिकटवला तरी त्यावर विसंबून राहू नये. तुळई जेथे आधारावर बसते त्या टोकांशी मोठ्या खाचा असतील तर तेथे लाकूड लांबीच्या दिशेने फाटण्याची भीती असते. असे टोक कापून तुळई आखूड करणे उत्तम. वर्षानुवर्षे भाराखाली झोकलेली तुळई पाठ वर करून बसवावी.

तुळईची ताकद तिच्या रुंदीच्या प्रमाणात, परंतु उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि तिचा ताठपणा तर उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे उंची दुप्पट केली तर ताकद चौपट आणि ताठपणा आठपट होतो. १५० बाय २०० मिलिमीटरचा नग आडवा न टाकता २०० मिलिमीटरची बाजू उभी ठेवावी, यामागे हेच कारण आहे.

या सगळ्यातून ढीग आपोआप तीन भागांत विभागला जातो. स्वच्छ आणि लांब नग तुळयांना व आढ्याला, जुन्या खाचांचे परंतु सरळ नग खांबांना, आणि आखूड तुकडे तिरपे टेकू, खुंट्या व भरावाचे ठोकळे यांना.

आराखडा

यादी हाती आली की मापे ठरवता येतात. पुढच्या उदाहरणात इमारत बाहेरून बाहेर ४ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब, म्हणजे दर ३ मीटरवर एक याप्रमाणे खांबांच्या तीन जोड्या, असे धरले आहे. लांबी कमी पडत असेल तर खांबांमधले अंतर कमी करावे; तुळई ताणून नेण्याचा मोह धरू नये. आडव्या तुळईखाली किमान २.६ मीटर मोकळी उंची ठेवावी, कारण प्लायवुडचा पूर्ण ताव २.४४ मीटर लांब असतो आणि कार्यशाळेत तो उभा फिरवण्याची वेळ रोज येते. दरवाजा दुहेरी आणि रुंद ठेवावा. आत बनवलेले कपाट बाहेर काढता येत नाही ही जुनी थट्टा असली, तरी ती कुणावर ना कुणावर खरी होतच असते.

वासे आढ्यापाशी एकमेकांना टेकवून ठेवले तर ते पायथ्याशी बाहेर ढकलतात आणि भिंती फाकवतात. हा रेटा आडव्या तुळईला ओढून धरावा लागतो. जुन्या, ठिसूळ झालेल्या लाकडाच्या कुसवावर अशी ओढ टाकण्यापेक्षा आढे स्वतः भार घेईल अशी रचना करावी, असे माझे मत आहे. प्रत्येक आडव्या तुळईच्या मध्यावर एक आखूड खांब उभा करून त्यावर आढे टेकवले, की वासे आढ्यावर आणि लांब तुळईवर निवांत बसतात आणि बाहेरचा रेटा फार कमी होतो. मात्र त्यामुळे आडव्या तुळईच्या मध्यावर भार येतो, म्हणून यादीतील सर्वांत चांगले नग आडव्या तुळयांसाठी राखावेत. नगांच्या मापांची तपासणी संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी आणि बांधकामाची परवानगी लागत असेल तर ती याच टप्प्यावर घ्यावी.

सहा मीटरची अखंड तुळई मिळाली नाही तर दोन नग तिरप्या किंवा पायरीच्या जोडाने सांधता येतात. जोडाची लांबी तुळईच्या उंचीच्या चौपट-पाचपट असावी आणि जोड दोन खांबांच्या मध्यावर न घेता खांबाजवळ घ्यावा.

पाया

लाकूड मातीपासून दूर राहिले तर टिकते. प्रत्येक खांबाखाली दगडाचा किंवा काँक्रीटचा तळखडा असावा आणि त्याचा माथा बाहेरच्या जमिनीपासून किमान २०० मिलिमीटर उंच असावा. खांबाचा तळ म्हणजे तंतूंची उघडी तोंडे असतात आणि ती पाणी झपाट्याने शोषतात, म्हणून तळखडा आणि खांब यांच्यामध्ये ओलावारोधक थर घालावा. वाऱ्याने छप्पर वर उचलले जाऊ नये यासाठी पायात रोवलेली पोलादी पट्टी किंवा सळई खांबाला जोडणे आवश्यक आहे. खांबाचा तळ कुजलेला आणि वरचा भाग उत्तम असेल, तर कुजलेला भाग कापून नवा पाय जोडता येतो. जपानी सुतारकामात या दुरुस्तीला ‘नेत्सुगी’ असे स्वतंत्र नावच आहे. परंतु पुरेसे नग असतील तर सरळ तळखडा उंच घेऊन खांब आखूड करावा, कारण ते काम एका तासात होते आणि त्यात चुकण्यासारखे काही नसते.

पायाची आखणी करताना एका कोपऱ्यापासून एका बाजूला ३ मीटर आणि दुसऱ्या बाजूला ४ मीटर मोजून त्या दोन खुणांमधले अंतर ५ मीटर भरते का ते पाहावे. भरले तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजावेत; ते सारखे आले पाहिजेत.

आखणी

जुन्या लाकडाने खरी परीक्षा होते ती येथे. कागदावर १५० बाय १५० लिहिलेला खांब एका टोकाला १४७, मध्यावर १५६ आणि दुसऱ्या टोकाला १५१ मिलिमीटर भरतो, आणि वर त्याला थोडा पीळही असतो. सगळे नग यंत्रावर चिरून एकसारखे करणे हा एक मार्ग आहे, परंतु त्यात लाकूड वाया जाते आणि राहून गेलेला एकच खिळा यंत्राचे पाते निकामी करतो. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक जोडीचे नग एकमेकांवर ठेवून, ओळंबा लावून, एकाची आकृती दुसऱ्यावर उतरवणे. वेड्यावाकड्या लाकडाला हा उत्तम असला तरी त्याला प्रशस्त सपाट जागा आणि प्रचंड धीर लागतो.

तिसरा मार्ग कल्पित नगाचा, आणि एकट्यादुकट्या माणसाला तोच मानवतो. प्रत्येक ओबडधोबड नगाच्या आत एक अचूक, सरळ, गुण्यातला नग दडलेला आहे अशी कल्पना करायची. आपल्या खांबांत कोठेही १४७ मिलिमीटरपेक्षा कमी माप नाही, म्हणून आतला नग १४० बाय १४० धरू. सांधा जेथे येणार तेवढ्याच जागी लाकूड तासून या आतल्या नगापर्यंत पोहोचायचे. बाकीचा नग आहे तसा राहू द्यायचा.

त्यासाठी प्रत्येक नगाच्या एकमेकींना लागून असलेल्या दोन बाजू मूळ बाजू म्हणून निवडाव्यात. त्या शक्य तितक्या सरळ आणि परस्परांशी गुण्यात असाव्यात, आणि सर्व मापे फक्त त्यांच्यापासूनच घ्यावीत. खांबांच्या बाबतीत बाहेरची बाजू, जिच्यावर भिंतीच्या फळ्या बसणार, ही एक मूळ बाजू ठरते. लांब तुळईच्या बाबतीत बाहेरची बाजू आणि माथा. या बाजूंवर आणि त्यांच्या सामाईक कडेवर ठळक खूण करावी. नगाला पीळ असेल तर दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एकीच्या कडेवरून दुसरीकडे पाहावे. पट्ट्या समांतर दिसत नसतील तर सांध्यांच्या जागा पाणसळीत तासून घ्याव्यात.

आता हिशेब पाहू. बाहेरून बाहेर रुंदी ४००० मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे कल्पित खांब १४० मिलिमीटरचे. म्हणून आडव्या तुळईची खांद्यापासून खांद्यापर्यंतची लांबी (खांदा म्हणजे कुसू जेथून सुरू होतो ती पायरी) ४००० वजा २८०, म्हणजे ३७२० मिलिमीटर. दोन्ही टोकांना १०० मिलिमीटरचे कुसू धरले तर एकूण लांबी ३९२०. खांब प्रत्यक्षात कितीही जाड असो, तिन्ही आडव्या तुळया याच मापाच्या होतात. सांध्याच्या जागी खांब १५६ मिलिमीटर भरला तर तेथे आतल्या बाजूने १६ मिलिमीटर तासायचे, १४७ भरला तर ७ मिलिमीटर. हा तासलेला उथळ कोनाडा तुळईच्या टोकाला खालून आधारही देतो, त्यामुळे भार एकट्या कुसवावर पडत नाही. मात्र कोनाड्यात बसणारे तुळईचे टोकही तिच्या कल्पित मापापर्यंत तासून घ्यावे लागते.

या पद्धतीतली चूक नेहमी एकाच प्रकारची असते. माझ्या एका खांबावर मी आतल्या बाजूने माप घेतले. कापताना सारे व्यवस्थित दिसले, आणि जुळवणीच्या दिवशी तुळई नऊ मिलिमीटर अडली. म्हणून पाते लावण्यापूर्वी प्रत्येक आखणी दुसऱ्या दिवशी, शक्य असल्यास दुसऱ्या माणसाकडून, मूळ बाजूपासून पुन्हा मोजून घ्यावी. नव्या सांध्याची जागा जुन्या खाचेवर येत असेल तर नग उलटसुलट करून पाहावा. थोडक्यासाठी जमत नसेल, तर क्रमांक बदलून तो नग दुसऱ्या जोडीत घालावा.

सांधे

१५० मिलिमीटरच्या नगासाठी कुसवाची जाडी ३८ ते ४० मिलिमीटर पुरेशी असते. खाच कोरताना आधी गिरमिटाने किंवा ड्रिलने ओळीने भोके पाडून बहुतेक लाकूड काढून टाकावे, आणि मग रुंद पटाशीने बाजू व अरुंद किकऱ्याने (खाच कोरण्याच्या जाड पटाशीने) टोके साफ करावीत. खाचेची खोली कुसवापेक्षा ५ मिलिमीटर अधिक ठेवावी. कुसू तळाला टेकला तर खांदे मिटत नाहीत आणि सांधा बाहेरून उघडा दिसतो. ताजे लाकूड तासताना ओली लांब कापटी निघते. जुने लाकूड कोरडे आणि कठीण असते, त्याची कपची उडते आणि कड ढासळते. म्हणून खांद्याची रेघ पेन्सिलीने न काढता धारदार सुरीने कापावी, पटाशी वरचेवर परजावी आणि रेघेच्या अलीकडे थांबून शेवटचा पातळ थर हाताने, मोगरी (लाकडी हातोडा) न लावता काढावा.

कोपऱ्यातल्या तिरप्या टेकूंवाचून सांगाडा पत्त्यांच्या घरासारखा एका बाजूला झुकतो. खांबावर आणि तुळईवर सांध्यापासून ७५० मिलिमीटर मोजले तर ४५ अंशांतल्या टेकूची लांबी ७५० गुणिले १.४१४, म्हणजे १०६१ मिलिमीटर येते. टेकू दोन्ही दिशांना हवेत, रुंदीच्याही आणि लांबीच्याही.

खुंट्यांसाठी सरळ रेषांचे, कठीण आणि सांगाड्याहूनही कोरडे लाकूड घ्यावे. ते करवतीने न चिरता फोडावे, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. २० मिलिमीटर व्यासाची, अष्टकोनी, एका टोकाला निमुळती खुंटी करावी. खाचेच्या दोन्ही भिंतींतून जाणारे भोक खांद्यापासून ४५ मिलिमीटरवर पाडावे. मग कुसू आत बसवून त्यावर भोकाची खूण करावी, कुसू बाहेर काढावा आणि त्यातले भोक खांद्याच्या दिशेने अर्धे सूत, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, सरकवून पाडावे. खुंटी ठोकताना ही सरकलेली भोके एका रेषेत येऊ पाहतात आणि कुसू आत ओढला जाऊन खांदा घट्ट मिटतो. ओल्या लाकडात एक सूतही सरकवतात, परंतु जुन्या कोरड्या लाकडात तेवढे सरकवले तर खुंटी तुटते किंवा कुसवाचे टोक फाटते. आडव्या तुळईच्या सांध्याला दोन खुंट्या द्याव्यात, टेकूला एक पुरते.

उभारणी

प्रत्येक सांधा जमिनीवर एकदा जुळवून पाहावा, आणि जुळला की त्याच्या दोन्ही भागांवर पटाशीने एकच खूण कोरावी. खडूची खूण पावसाच्या एका सरीत जाते.

उभारणीपूर्वी वजनाचा अंदाज घ्यावा. घट्ट लाकडाचे वजन घनमीटरला ७०० किलो धरले तर ३.०५ मीटरचे दोन खांब, १५० बाय २०० मिलिमीटरची आडवी तुळई आणि दोन टेकू यांची एक जोडी सुमारे १९० किलो भरते. ती जमिनीवर जुळवून, खुंट्या ठोकून, मग तळखड्यांवर उभी करायची असते. चार-पाच धट्टीकट्टी माणसे ती उचलू शकतील, परंतु खांद्याच्या वर गेल्यावर हात पोहोचत नाहीत, म्हणून लांब बल्ल्यांनी रेटण्याची, समोरून दोराने ओढण्याची आणि मागून दोराने धरून ठेवण्याची व्यवस्था हवी. खांबांचे पाय घसरू नयेत म्हणून त्यांच्यापुढे पक्का अडसर ठोकावा. आज्ञा एकाच माणसाने द्याव्यात. जोडी उभी राहताच ओळंब्यात आणून दोन्ही बाजूंनी तात्पुरते धिरे ठोकावेत, आणि लांब तुळया व त्यांचे टेकू खुंट्यांनी जखडले जाईपर्यंत एकही धिरा काढू नये. तिन्ही जोड्या उभ्या राहिल्यावर कर्ण पुन्हा मोजावेत. येथे दहा मिलिमीटरची तफावत दोर आणि धिऱ्यांनी दुरुस्त होते. छप्पर चढल्यावर ती कायमची राहते.

छप्पर आणि भिंती

अर्धी रुंदी २ मीटर आणि आढ्याची उंची लांब तुळईपासून १.५ मीटर घेतली, तर वाशाची तिरकी लांबी बरोबर २.५ मीटर येते आणि गुण्या लावणे सोपे जाते. त्यात वळचणीसाठी अर्धा मीटर मिळवावा. वळचण तोकडी करून लाकूड वाचवू नये, कारण खांबांच्या तळांना आणि फळ्यांना पावसापासून तीच वाचवते. वाशांमध्ये ६०० मिलिमीटर अंतर ठेवावे, त्यांवर रिपा ठोकाव्यात आणि वर पत्रे किंवा कौले घालावीत. कौलांचे वजन पत्र्यांच्या कित्येक पट असते, म्हणून हा निर्णय अभियंत्याला आधीच सांगितलेला असावा.

भिंतींच्या फळ्या उभ्या लावाव्यात आणि दोन फळ्यांमधल्या फटीवर पट्टी ठोकावी. फळीला खिळे एकाच कडेला किंवा मध्यावर मारावेत. दोन्ही कडांना जखडलेली फळी ऋतूप्रमाणे आकसताना मधोमध फाटते. फळ्यांचे खालचे टोक जमिनीपासून २०० मिलिमीटर वर थांबवावे आणि पाणी ठिबकून जाईल असे तिरपे कापावे.

खुंट्यांची बाहेर आलेली टोके मात्र लगेच कापून टाकू नयेत. दोन्ही बाजूंना दोन-अडीच सेंटिमीटर तशीच ठेवावीत. एक कोरडा आणि एक ओला ऋतू उलटल्यावर सांगाड्याभोवती मोगरी घेऊन फिरावे आणि प्रत्येक खुंटीच्या जाड टोकावर दोन ठोके द्यावेत. जी अजून आत जाते तिला जाऊ द्यावे, आणि जी हलत नाही तिची टोके त्यानंतर सपाट करावीत.